गणवेशाचा नियम घराच्या खिडकीलाही लागू होतो का?

कांदिवली पूर्वेला लष्कराचं केंद्रीय आयुध भांडार आहे. आसपासचे लोक त्याला नुसतं 'सीओडी' म्हणतात. मालाडला मार्वे किनाऱ्याजवळ नौदलाचं 'आयएनएस हमला' आहे. घाटकोपरला लाल बहादूर शास्त्री मार्गावर नौदलाचं साहित्य भांडार आहे, तर कांजूरमार्गला नौदलाच्या सिव्हिलियन कर्मचाऱ्यांची वसाहत. बेस्टच्या बसमधून जाताना आपल्याला या जागांच्या फक्त भिंती दिसतात. संरक्षण खात्याच्या अशा हद्दींत आणि वसाहतींत माणसं संसार करतात, मुलं शाळेत जातात, बाल्कनीत कपडे वाळतात.

या बाल्कनीत आणखी काय लावता येतं? एखाद्या पक्षाचा झेंडा? 'युद्ध नको' असा फलक? ईदची रोषणाई, आकाशकंदील, ख्रिसमसचा तारा? आणि तिथे राहणाऱ्या बाईने सरकारी धोरणावर फेसबुकवर टीका केली तर? पहलगामचा हल्ला आणि 'ऑपरेशन सिंदूर' यानंतर जवानांच्या घरच्यांनी काय बोलावं, यावर ज्याने त्याने मत दिलं. कायदा काय म्हणतो, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलं. म्हणून आम्ही ते इथे मांडतो आहोत.

बंधन कोणावर आहे?

संविधानाचं कलम १९ प्रत्येक नागरिकाला अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. कलम ३३ संसदेला सैन्यदलांतल्या व्यक्तींचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार देतं. त्या अधिकारात लष्कर कायदा १९५० चं कलम २१ आणि लष्कर नियम १९५४ मधले १९, २० आणि २१ हे नियम आले. जवानाने राजकीय सभेला जायचं नाही, पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, परवानगीशिवाय वृत्तपत्रांशी बोलायचं नाही. हे योग्यच आहे. ज्याच्या हातात देशाने बंदूक दिली, त्याने पक्षाचा झेंडा हाती घेऊ नये.

न्यायालयांनीही ही शिस्त वेळोवेळी उचलून धरली आहे. हवाई दलातले अन्सारी आफताब अहमद यांना दाढी ठेवण्याची मुभा मिळाली नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. २०२० साली लष्कराने जवानांना फेसबुकसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितली. परदेशातल्या कुटुंबीयांशी संपर्क तुटतो, अशी तक्रार घेऊन एक लेफ्टनंट कर्नल दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्यांनाही दिलासा मिळाला नाही.

पण कलम ३३ पुन्हा नीट वाचा. त्यात सैन्यदलं, पोलिसी काम करणारी दलं, गुप्तचर यंत्रणा आणि त्यांच्या दूरसंचार यंत्रणेतली माणसं आहेत. त्यांची बायको, आई, मुलगी, भाऊ कुठेही नाहीत. म्हणजे ज्या नियमाने जवानाची दाढी थांबते, तो नियम त्याच्या घरातल्यांना लागू होत नाही. त्यांच्यावर बंधनं आहेत ती तुमच्याआमच्यावर आहेत तीच. शिवाय लष्करी हद्दीत राहताना सुरक्षेचे नियम पाळावे लागतात. जहाजाचा किंवा डेपोचा फोटो टाकायचा नाही, नवऱ्याची बदली कुठे आणि कधी हे सांगायचं नाही. त्यावर वाद नाही, कारण तिथे प्रश्न मताचा नसून माणसांच्या जिवाचा असतो.

मग घर गप्प का?

कारण घर जवानाच्या नावावर असतं. क्वार्टर मिळतं ते त्याच्या नोकरीमुळे आणि जातं तेही नोकरीबरोबर. बाल्कनीत काही आक्षेपार्ह वाटलं तर साहेब त्याला बोलावणार, तिला नाही. पुढची बदली, बढती, वार्षिक अहवाल हे सगळं त्याचं. त्यामुळे तिच्यासाठी नियम लिहिलेला नसला तरी तो तिच्यापर्यंत पोहोचतोच. "जाऊ दे ना, उगाच कशाला?" या एका वाक्यात अनेक घरांतला विषय संपतो.

संरक्षण खात्यातल्या सिव्हिलियन कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर नियमच घराच्या दारापर्यंत येतो. त्यांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ लागू आहेत. त्यातल्या नियम ५ चं स्पष्टीकरण सांगतं की कर्मचाऱ्याने स्वतःच्या अंगावर, वाहनावर किंवा राहत्या घरावर निवडणूक चिन्ह लावलं तर तो निवडणुकीत वजन वापरण्याचा प्रकार ठरेल. हे ठीक आहे, चिन्ह म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. पण त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे. घरातलं कोणी सरकार उलथवण्याच्या चळवळीत भाग घेत असेल, तर त्याला रोखायचा प्रयत्न करायचा आणि जमलं नाही तर सरकारला कळवायचं. चळवळ 'उलथवण्याची' आहे की साधा निषेध, हे ठरवणार कोण? कॉलेजात शिकणारी मुलगी मोर्चाला गेली तर बापाने काय करायचं? नियम मोघम असला की माणूस सर्वात सुरक्षित अर्थ काढतो. तो अर्थ म्हणजे मुलीला घरीच बसव.

दुसऱ्या बाजूला कायदा याच कुटुंबांना मतदार म्हणून मान देतो. जवानासोबत राहणाऱ्या पत्नीला 'सेवा मतदार' म्हणून नोंद करता येत होती, महिला अधिकाऱ्याच्या पतीला मात्र नाही. २०२१ च्या दुरुस्तीने 'पत्नी'च्या जागी 'जोडीदार' हा शब्द आणला आणि ही विषमता गेली. मत देण्याइतकी शहाणी असलेली व्यक्ती मत मांडण्याइतकीही शहाणी असते, हे वेगळं सांगायला नको.

बोलणाऱ्यांचं काय झालं?

२०१७ च्या जानेवारीत सीमा सुरक्षा दलाचे तेज बहादूर यादव यांनी जेवणाच्या दर्जाचा व्हिडिओ टाकला. त्यांना बडतर्फ करण्यात आलं. दरम्यान पती कुठे आहे ते कळत नाही म्हणून त्यांची पत्नी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि तिला भेटीची परवानगी मिळाली. जवानाला जिथे बोलता येत नव्हतं, तिथे घर बोललं.

त्याच वर्षी कॅप्टन मनदीप सिंग यांची मुलगी गुरमेहर कौर हिचा फलक हातात धरलेला फोटो देशभर गाजला. वडिलांना पाकिस्तानने नाही तर युद्धाने मारलं, असा त्या फलकाचा आशय होता. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला नौदल अधिकारी विनय नरवाल मारले गेले. त्यांच्या पत्नी हिमांशी यांनी मुस्लिमांना आणि काश्मिरींना लक्ष्य करू नका, एवढंच म्हटलं. दोघींवरही कायद्याने कारवाई केली नाही. झुंडीने मात्र केली. हिमांशी यांच्यावरची शिवीगाळ इतकी वाढली की राष्ट्रीय महिला आयोगाला तिचा निषेध करावा लागला.

आणि आपल्या घाटकोपरचं उदाहरण घ्या. अग्निवीर मुरली नाईक ९ मे २०२५ रोजी नियंत्रण रेषेवरच्या गोळीबारात शहीद झाला. मूळ गाव आंध्रातलं, पण कुटुंब अनेक वर्षं घाटकोपरच्या कामराज नगरात राहिलेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची आई मुंबई उच्च न्यायालयात गेली. नियमित जवानाच्या घरच्यांना मिळणारं पेन्शन अग्निवीराच्या घरच्यांना का नाही, असा तिचा सवाल. कोणी तिला देशद्रोही म्हणेल का? शहिदाच्या आईचा प्रश्न हीसुद्धा अभिव्यक्तीच आहे.

झेंडा लावण्याचा हक्क, न लावण्याचाही

तिरंग्याबाबत कायदा स्पष्ट आहे. नवीन जिंदाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी सांगितलं की सन्मानाने तिरंगा फडकावणं हा कलम १९ खालचा मूलभूत हक्क आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर घरावर तो दिवसरात्र फडकवता येतो. मुस्लिम मोहल्ल्यांतही १५ ऑगस्टला तो हौसेने लागतो.

पण हक्क म्हणजे सक्ती नाही. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल निकालात केरळच्या तीन शाळकरी मुलांना न्यायालयाने संरक्षण दिलं. ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत होती, फक्त गात नव्हती. अभिव्यक्तीत गप्प राहणंही येतं. कोणाच्या खिडकीत काय दिसलं नाही, याची यादी करणारा शेजारी कॉलनीत असो की आपल्या सोसायटीत, त्याला कायद्याचा आधार नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत, कारण निष्ठेचा पुरावा दारावर टांगण्याची अपेक्षा आपल्याकडून जरा जास्तच केली जाते.

अमेरिकेतही हा पेच आहे. तिथल्या संरक्षण खात्याच्या २००८ च्या निर्देशानुसार लष्करी तळावरच्या घराबाहेर दिसेल असा पक्षीय फलक सैनिकाला लावता येत नाही, मग ते घर खासगी कंपनी चालवत असली तरी. मात्र तो नियम लेखी आहे, पक्षीय फलकापुरता आहे आणि सैनिकाला उद्देशून आहे. आपल्याकडेही एवढं झालं तरी पुष्कळ आहे.

आमचं म्हणणं

लष्करी हद्द म्हणजे मोकळं मैदान नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. आमची मागणी तीन गोष्टींची आहे. एक, क्वार्टरमध्ये काय लावता येणार नाही ते घर देतानाच लेखी आणि साध्या भाषेत सांगा. दोन, नियम सगळ्यांना सारखा ठेवा. भगवा, हिरवा, निळा असा फरक नको; कंदील चालत असेल तर ईदची माळही चालली पाहिजे. ज्या सैन्याच्या युनिटमध्ये 'सर्व धर्म स्थळ' एका छपराखाली उभं राहतं, त्या सैन्याला ही समानता शिकवायची गरज नाही. ती कॉलनीच्या बाल्कनीपर्यंत न्यायची आहे. तीन, बायकोच्या किंवा मुलीच्या मताची किंमत जवानाच्या फायलीत वसूल करू नका.

जवानाने शपथ घेतली आहे. घरच्यांनी घेतलेली नाही, तरी बदल्या, एकटेपणा आणि कधी कधी कफन हे सगळं त्यांच्याही वाट्याला येतं. बोलण्याचा हक्क तरी त्यांच्याकडे राहू द्या.