दारातली आठशे कुणाच्या डोळ्यात खुपते?



मागच्या महिन्यात एका गावची बैठक आटोपून आम्ही उठत होतो. सोयाबीनच्या भावावर बोलून झाले होते, चहा झाला होता. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई पुढे आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, दारातली गाडी मोडीत घातली तर माझं नाव परत लागंल का?"

आधी मला प्रश्नच कळला नाही. मग तिने सगळे सांगितले. तिचे लाडकी बहीणचे दीड हजार बंद झाले होते. कारण, नवऱ्याच्या नावावर चारचाकी. चारचाकी कोणती? २००५ सालची मारुती आठशे. पुण्यात कुणीतरी सोळा वर्षे वापरून विकलेली, यांनी २०२१ मध्ये पंचेचाळीस हजारांना आणलेली. एका बाजूचा पत्रा कुजलेला, डाव्या मागच्या दाराला आतून दोरी बांधलेली. मागचे सीट काढून घरात ठेवलेले, त्यावर आता आजी बसते. सीटच्या जागी त्या दिवशी जळालेली पाणबुडी मोटार होती. सकाळी वाइंडिंगला न्यायची होती.

ही ती श्रीमंती.

नियम काय सांगतो ते आधी नीट पाहू. २०२४ च्या जून-जुलैत योजनेचे शासन निर्णय निघाले. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि कुटुंबात कुणाच्याही नावावर ट्रॅक्टर सोडून चारचाकी वाहन नसावे, असे त्यात लिहिले. २०२५ च्या सुरुवातीला वाहनांच्या याद्या घेऊन घरोघर पडताळणी सुरू झाली. गाडी किती सालची, किती किमतीची, चालते की आखाड्यावर कोंबड्या कोंडायला ठेवली आहे, हे नियम विचारत नाही. चाके चार, की नाव बाद. त्याच नियमाने शहरातल्या कुणाचे बँकेत दहा लाख असले आणि दारात मोटार नसली, तर केवळ मोटारीच्या कारणाने त्याच्या घरचे नाव जात नाही.

आता तुमच्यातले काही म्हणतील, आपण सरकारी दीड हजारांसाठी कधीपासून भांडायला लागलो? आपले भांडण घामाच्या दामाचे. मान्य आहे. मलाही ही ओवाळणी पटत नाही. सोयाबीनच्या भावात शंभर घ्यायचे आणि बाईच्या खात्यात दहा टाकायचे, हा धंदा आपण ओळखून आहोत. पण माझा मुद्दा दीड हजारांचा नाही. मोजणाऱ्याच्या मापाचा आहे. हे माप आज एका योजनेत वापरले, उद्या कर्जमाफीत वापरतील, परवा पीकविम्यात.

आणि हे माप आजचे नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत तर मोटारसायकल असली, फ्रीज असला, घरात तारेचा टेलिफोन असला तरी घर आपोआप गरिबांच्या यादीबाहेर. त्याच निकषांवर पुढे ग्रामीण घरकुलाच्या याद्या गाळल्या गेल्या. २०२४ मध्ये घरकुलाचे निकष सैल केले, मोटारसायकल आणि फ्रीज माफ झाले. तीनचाकी-चारचाकी मात्र राहिली. आणि राहिली आणखी एक गोष्ट: पन्नास हजार किंवा त्याहून अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड. म्हणजे ज्याला बँक पन्नास हजार कर्ज देऊ शकते तो गरीब नाही! कर्जबाजारी होण्याची ऐपत हीच ज्या देशात श्रीमंतीची खूण, तिथे कुजलेली आठशे म्हणजे राजवाडाच म्हणायचा.

आता दुसरी वही उघडू. मी परभणीला शेतकी शिकलो, खर्चाचे तक्ते मांडण्यात उमेदीची काही वर्षे घालवली, म्हणून हे सांगतो. कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा उत्पादनखर्च काढतो. त्यात बी, खत, औषध, मजुरी, बैलजोडी, यंत्राचे भाडे येते. घरच्या माणसांची मजुरी येते. औजारांचा आणि शेतातल्या बांधकामाचा घसारा येतो. या तक्त्यात तुमची आठशे कुठे आहे? औजार म्हणून तिला कुणी धरत नाही. औजारात नांगर आहे, पंप आहे, ट्रॅक्टर आहे. खताची दोन पोती तालुक्याहून आली ती हवेतून उडत आली असावीत. जळालेली मोटार वाइंडिंगला चालत गेली असावी.

थोडक्यात, पिकाचा खर्च मोजताना गाडी नाही आणि शेतकऱ्याची गरिबी मोजताना फक्त गाडीच आहे. एकाच वस्तूला दोन सरकारी वह्यांत दोन न्याय, आणि दोन्ही वेळा तोटा आपला.

शहरात हिशेब कसा होतो पाहा. एखाद्या दुकानदाराने, ठेकेदाराने, डॉक्टराने धंद्यासाठी मोटार घेतली, तर आयकर खाते त्याला दर साली पंधरा टक्के घसारा धरू देते. पेट्रोल खर्चात, विमा खर्चात, दुरुस्ती खर्चात. त्याची गाडी धंद्याचे साधन आहे, हे सरकारने कायद्याने मान्य केले. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून तो तक्ता आपल्याला लागत नाही, हे खरे. पण मोटार हे धंद्याचे साधन असू शकते एवढी अक्कल सरकारकडे आहे, हे तर त्यावरून सिद्ध झाले ना? मग गावाच्या वेशीशी येऊन ती अक्कल कुठे जाते?

या बाईच्या घरात गाडी आली कशी, तेही ऐका. २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस एसटी कामगारांचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्या आधीची दोन वर्षे टाळेबंदीची. संपावर जाणाऱ्या कामगारांची मागणी बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. गावाला मात्र सहा महिने गाडी नव्हती. मुलगी अकरावीला तालुक्याला, सासऱ्याचे दर पंधरवड्याला दवाखान्यात जाणे. रात्री-अपरात्री भाड्याची जीप सांगितली की दीड हजार. तालुका सव्वीस किलोमीटर. आठशे नेली तर जाऊन येऊन साडेतीन लिटर पेट्रोल, पावणेचारशेच्या आत काम होते. चार वेळा जीप सांगितल्यावर नवऱ्याने हिशेब केला आणि दोन शेळ्या व थोडी हळद विकून गाडी आणली. यात चैन कुठे आहे ते मला कुणीतरी दाखवावे.

नवीन का नाही घेतली, असे विचारणारेही भेटतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. आल्टो के-टेनची शोरूमची किंमत ३ लाख ६९ हजार ९०० पासून सुरू झाली. वर्तमानपत्रांनी लिहिले, गाडी सामान्यांच्या आवाक्यात. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये. म्हणजे ही बिनाथाटाची गाडी एकोणसत्तर-सत्तर क्विंटल सोयाबीनची, तीही मोंढ्यात हमीभाव मिळाला तर. कोरडवाहूत एकरी सात क्विंटल धरा. दहा एकरांचे सगळे पीक, बी-खताचा खर्च न काढता, आणि पुढच्या वर्षी सगळ्या घराने उपाशी राहून. तिच्याकडे शेत साडेचार एकर.

मोटारीच्या कारखानदाराला हे भोगावे लागत नाही. बाहेरून तयार येणाऱ्या मोटारीवर वर्षानुवर्षे साठ टक्के आणि त्याहून चढे आयातशुल्क राहिले. कापसावर होते अकरा टक्के. तेसुद्धा २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या वेचणीच्या तोंडावर, उठवले आणि डिसेंबर अखेरपर्यंत उठलेलेच ठेवले. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

म्हणून आपल्याकडे गाडी येते ती इंडियाने टाकलेली. तिकडे हौस फिटली की इकडे तिचे काम सुरू होते. आणि तिथेही सरकार हात आखडत नाही. पंधरा वर्षांवरच्या मोटारीचे आरसी नूतनीकरण एप्रिल २०२२ पर्यंत सहाशे रुपयांत होई, ते पाच हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार केले. हजार सीसीच्या आतल्या गाडीचा सक्तीचा विमा २०९४ रुपये, वर जीएसटी. चाळीस हजारही न येणाऱ्या गाडीच्या कागदाला दहा हजार! दिल्लीच्या धुराचे औषध साडेचार एकरवाल्याने का प्यावे? या गाड्या महिन्यात चार-पाच फेऱ्या करतात, बाकी दिवस लिंबाखाली उभ्या.

स्वस्त गाडीचे नाव काढले की नॅनो आठवते. २००८ च्या जानेवारीत दिल्लीत ती दाखवली, लाख रुपयांची गाडी म्हणून जगभर गाजली. ती जिथे बनणार होती त्या सिंगूरला १८९४ च्या इंग्रजी कायद्याने ९९७ एकर घेतले होते. शेतकरी अडून बसले, कारखाना साणंदला गेला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादन बेकायदा ठरवून जमीन परत द्यायला लावली. गाडी स्वस्त करायची तर आधी जमीन स्वस्त करा, हा त्यातला हिशेब. आणि सुरुवातीच्या नॅनोचे मागचे दार उघडतच नव्हते. कांद्याची गोणी कुठून घालायची? शेतकरी गिऱ्हाईक म्हणून कुणाच्या डोक्यातच नव्हता. आठशेचे मागचे दार उघडते, गावचा फिटर ती डोळे झाकून खोलतो, म्हणून २०१४ मध्ये बनायची बंद होऊनही ती आपल्याकडे चालू आहे.

आपल्याही माणसांना एक सांगायचे आहे, रागावू नका. लग्नात जावयाला देण्यासाठी फायनान्सवर उचललेली मोठी गाडी, काचा काळ्या, मागे पुढाऱ्याचा फोटो, आणि तिसऱ्या हप्त्याला जमीन गहाण, हेही आपल्यातच आहे. सरकारच्या मापाला बळ मिळते ते अशा गाड्यांमुळे. त्यांची वकिली मी करणार नाही. पण त्यांच्यापायी आठशेवाल्याला फासावर चढवू नका.

आपली मागणी साधी आहे. वाहनाचा निकष ठेवायचाच असेल तर चाके मोजू नका, किंमत आणि साल मोजा. पंधरा वर्षांवरची, हजार सीसीच्या आतली गाडी ट्रॅक्टरप्रमाणे निकषातून वगळा. आणि शेतीच्या कामाला जेवढी गाडी फिरते तेवढा तिचा खर्च उत्पादनखर्चाच्या तक्त्यात धरा.

त्या बाईला मी गाडी मोडीत घालू नका असे सांगितले. मोडीचे वीस हजार येतील, वर्षाचे अठरा हजार कदाचित परत सुरू होतील, आणि पहिल्या रात्रीच्या जीपला दीड हजार जातील. ती म्हणाली, "मग तुमी लिहून द्या." ते मी एकट्याने लिहून भागणार नाही. ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी आहे त्यांनी आजपासून एक वही घालावी. तारीख, गाडी कुठे गेली, काय घेऊन गेली, किती किलोमीटर. दवाखाना, मोंढा, वाइंडिंग, शाळा, जे असेल ते. लग्न-जत्रेच्या फेऱ्याही लपवू नका, लिहा. आरसीची झेरॉक्स आणि नूतनीकरणाची पावती सोबत टाचा. पुढच्या जिल्हा बैठकीला या वह्या गोळा करू आणि तिथूनच निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कचेरीवर जाऊ. गाड्या घेऊनच या, आवारात ओळीने उभ्या करू. ज्यांची चालू होत नाही त्यांनी ट्रॅक्टरला बांधून आणावी.