घसाऱ्याचे औषध

बँकेतील नोकरीत घटत्या शिलकेवर घसारा आकारण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. हाच हिशेब कर्करोगाच्या उपचारालाही लागू पडतो, हे मात्र निवृत्तीनंतर उमगले.

भाभा अणुसंशोधन केंद्राने यकृताच्या कर्करोगासाठी ‘भाभास्फिअर’ हे काचेचे सूक्ष्म गोळे विकसित केले आहेत. केसाच्या जाडीहून लहान अशा या गोळ्यांत किरणोत्सर्गी यिट्रियम-90 असते. निरोगी यकृत बहुतांश रक्त शिरेतून घेते, गाठ मात्र धमनीतून. म्हणून धमनीत बारीक नळी सरकवून गोळे गाठीपाशी सोडतात. ते तेथेच अडकून राहतात. किरणांचा पल्ला सरासरी अडीच मिलिमीटर, फार तर 11. गाठ आतून जळते, शेजारच्या भागास झळ कमी पोहोचते.

यिट्रियमची शक्ती दर 64 तासांनी निम्मी होते. सुमारे 11 दिवसांनी सोळावा हिस्सा उरतो. माल परदेशातून यायचा, तर घसारा वाटेतच सुरू! आमच्या वाशीतील ‘ब्रिट’ संस्था किरणोत्सर्गी औषधे देशभरच्या रुग्णालयांना पुरवते, तिचे मोल मला यातून कळले. तिच्या परिसरावरून मी वर्षानुवर्षे नुसताच जात असे.

मिसुरी विद्यापीठात कट्टेश कट्टी यांच्या गटाने याहून कितीतरी सूक्ष्म, सोन्याचे किरणोत्सर्गी नॅनोकण उंदरांतील प्रोस्टेटच्या गाठींवर वापरले. त्याचा शोधनिबंध 2012 चा. मुक्या जिवांवरील या प्रयोगांची रुखरुख मला वाटते, हे लपवत नाही.

कुटुंबात कोणास असा उपचार ठरला, तर मुहूर्तासाठी किंवा पाहुण्यांसाठी तारीख पुढे ढकलू नये. त्या रुग्णासाठी मोजून भरलेली कुपी थांबत नाही.