संगणकाचा ओटा

घरचा संगणक दहा-दहा मिनिटं नुसता घरघरत बसतो, मुलाचा परीक्षेचा अर्ज भरताना नेमका अडतो, आणि दुकानदार म्हणतो, "वहिनी, आता नवाच घ्या." असं झालं, तर भगिनींनो, पैशाला हात लावण्याआधी जरा थांबा.

संगणकात दोन जागा असतात. एक कोठीची खोली, म्हणजे डिस्क. फोटो, हिशेब, गाणी सगळं तिथं. दुसरी ओटा, म्हणजे रॅम. चालू कामापुरतं सामान तिच्यावर. फोटो पुसले की यंत्र पळू लागेल अशी पुष्कळजणींची समजूत असते. पण कोठीतले डबे काढून ओटा कसा रिकामा होणार? ओटा भरला की विंडोज काही सामान कोठीत नेतं आणि लागेल तसं परत आणतं. डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची असेल तर ही ये-जा फारच रेंगाळते.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. तिथं 'मेमरी' या शब्दावर क्लिक केलं की सर्वांत जास्त जागा अडवणारा वर येतो. बहुतेक घरांत तो ब्राउझरच निघतो! पुरणपोळीची कृती, शाळेची सूचना, साड्यांचं दुकान, अशी वीस-पंचवीस पानं उघडीच असतात. नको ती मिटा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये, 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' आहे. तो चालू ठेवावा. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारी बिनकामाची मंडळी 'स्टार्टअप'मध्ये दिसतात, त्यांना 'डिसेबल' करा. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका. अनोळखी नाव दिसलं म्हणून 'एंड टास्क'ही दाबू नये, ते विंडोजचंच असू शकतं. आणि आकडा साठ-सत्तर टक्के दिसला तरी काम सुरळीत चालत असेल तर घाबरायचं कारण नाही.

रोज 'शट डाउन' करूनही फरक पडत नाही? आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करून पाहा, त्यात सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. 'रॅम वाढवून देतो' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं घेऊ नयेत. ओटा काही मंत्रानं वाढत नाही, बरं का.

एवढं करूनही अडत असेल तर टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' पाहा. ४ जीबी असेल तर आजच्या कामाला अपुरीच. विंडोज ११ची ती किमान अट आहे. ८ जीबी केली की पुष्कळ फरक जाणवतो, आणि रॅमची पट्टी नव्या संगणकापेक्षा खूपच स्वस्त पडते. दुकानदाराचं म्हणणं एका बाबतीत खरं असू शकतं: विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तुमच्या यंत्रावर विंडोज ११ चढतच नसेल, तर रॅमवर खर्च करण्याआधी विचार करावा.

दुकानात जाताना संगणकाचं मॉडेल कागदावर लिहून न्या. डीडीआर३ची पट्टी डीडीआर४च्या खाचेत बसत नाही, आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम डाग देऊन पक्की केलेली असते, ती वाढतच नाही. हे आधी विचारा. पट्टी बदलली तर जुनी परत मागून घ्या.