धुणं नव्हे, पिळणं जड



दिवाळीचे सेल सुरू झाले की मला घरोघरून फोन येतात. "तू इंजिनिअर ना? मग वॉशिंग मशीन कुठलं घेऊ ते सांग की." मी पुण्यात बसून सॉफ्टवेअर लिहितो. पण आपल्या भागात बी.ई. झालेल्या माणसाला मिक्सरपासून मोटरपंपापर्यंत सगळं कळतं, असं धरूनच चालतात. यंदा सगळ्यांना एकदमच उत्तर द्यायचं ठरवलंय आणि त्यासाठी काकतीच्या आमच्या घरात झालेली माझीच फजिती सांगतो.

दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ कॉलवर आईच्या मनगटाला पट्टी बांधलेली दिसली. "काही नाही रे, धुण्यानं जरा दुखतंय," म्हणाली. त्याच रात्री मी एक्सेलची शीट उघडली. अकरा मॉडेलं, प्रत्येकाची किंमत, किलो, स्टार, पाणी, वॉरंटी, आणि सगळ्याला गुण. पहिला नंबर एका फ्रंट लोड मशीनचा आला. पाणी सगळ्यात कमी, वीज कमी, कपड्यांची झीज कमी. लगेच ऑर्डर केली. आईला विचारलं ते एवढंच, की पांढरं चालेल का राखाडी.

गणपतीला गावी गेलो. मशीनवर विणलेला रुमाल, रुमालावर लोणच्याची बरणी आणि शेजारी बाबांचा रेडिओ. आई मागं परड्यात दगडावर धुणं आपटत होती.

"अगं, तीस हजार घातलेत मी त्यात!"

"मी कुठं मागितलं होतं? ने की परत."

राग आला, पण दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं कारणं शोधायला बसलो. हे काम खरं तर ऑर्डर देण्याआधीचं होतं.

पहिलं कारण पाणी. आमची टाकी बाथरूमच्या बुटक्या स्लॅबवर आहे. पाण्याची उंची एक मीटर असली की दाब साधारण ०.१ बार मिळतो. मशीनच्या पुस्तकात कमीत कमी ०.३ बार लिहिलं होतं, म्हणजे टाकी नळाच्या तीन मीटर तरी वर हवी. आमची दोन मीटरसुद्धा नाही. मशीन पाण्याची वाट बघत बसायचं, मग टीं टीं करून थांबायचं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं यायची. आईला वाटायचं, आपल्याच हातून काहीतरी बिघडलं.

दुसरं कारण लाइट बिल. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ मधल्या आपल्या सरासरी वापरात थोडी वाढ धरून तेवढी वीज फुकट, कमाल २०० युनिट. त्या मर्यादेच्या वर गेलं तर जादा युनिटांचे पैसे आणि २०० ओलांडले तर सगळंच बिल भरायचं. आमच्या घरची सरासरी साठच्या आसपास. हेस्कॉमचं बिल आलं की आई शेजारच्या मुलीकडून त्यावरचं कानडी वाचून घेते आणि शून्य आहे ना, एवढं बघून डब्यात ठेवते. मशीन आल्यावर पहिल्यांदा शून्याच्या जागी आकडा आला. मी म्हटलं, मशीनला कितीशी वीज लागते? मग तपासलं, तर चालू केल्यावर मशीन आपोआप ४० अंशांचा कॉटन प्रोग्रॅम धरत होतं. म्हणजे दर वेळी पाणी तापवणं आलं. गार पाण्यात एका धुण्याला पाव युनिटही लागत नाही, तापवलं की अर्धा-पाऊण युनिट जातं. महिन्याला पंधरा धुणी धरा. आईचा हिशेब बरोबर होता, चूक माझीच होती. एक बटण दाबून तापमान बंद करता येतं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

तिसरं कारण आईनं चहा ओतता ओतता सांगितलं. "धुणं जड नाही रे. साबण लावून दगडावर दोन हात मारले की झालं. पिळणं जड. तुझ्या बाबांची पँट, चादरी, वाकळ… पिळताना मनगटातनं कळ येत्या. आणि पावसाळ्यात नीट पिळलं नाही तर चार दिवस वाळत नाही, वास मारतंय."

माझ्या शीटमध्ये चौदा रकाने होते. दुखतंय नेमकं कुठं, हा रकाना त्यात नव्हता.

पुढच्या रविवारी तिला घेऊन बेळगावात गेलो. दुकानात आईनं स्टार बघितले नाहीत. झाकण उघडून हात आत घातला, बटणं फिरवून बघितली आणि दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक घेतलं, पहिल्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. बादलीनं पाणी ओतलं तरी चालतं, त्यामुळे दाबाचा प्रश्न नाही. बटण फिरवायचं असल्यानं वाचायचं काही नाही. भातरोपणीच्या चिखलाचे कपडे ती अजून आधी दगडावर खंगाळते, मग मशीनला देते. पिळण्याचं काम दुसरा टब पाच मिनिटांत करतो. शेवटचं खळबळलेलं पाणी परड्यातल्या केळींना जातं. फ्रंट लोड टिळकवाडीला ताईच्या फ्लॅटवर गेलं. तिथं टाकी चार मजले वर आहे, ताई नोकरीला जाते, तिला ते सोन्यासारखं वाटतं. मशीन चांगलंच होतं, फक्त आमच्या घरचं नव्हतं.

सेमी ऑटोमॅटिकलाही पाणी जास्त लागतं, ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात उचलावे लागतात, उभं राहावं लागतं. उद्या आईला तेही झेपलं नाही तर टाकी उंच स्टँडवर चढवू आणि पूर्ण ऑटोमॅटिक घेऊ. पण तेव्हा दुकानात तीच पुढं असेल.

आता फ्रीजबद्दल थोडं, कारण तोही प्रश्न येतोच. नुसते स्टार मोजू नका. स्टारचे निकष ठरावीक वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलावरचे पाच आणि नव्या लेबलावरचे पाच सारखे नसतात. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात आणि लेबल कुठल्या काळासाठी आहे, हे छापलेलं असतं. युनिटांना बारानं भागा आणि घरच्या बिलाशेजारी ठेवा. घराचं दार आणि स्वयंपाकघराचं वळण टेपनं मोजा. जुन्या घरांची दारं अरुंद असतात आणि फ्रीज उंबऱ्यात अडकलेला बघणं फार वाईट. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर लागेल का, तेही घेतानाच विचारा.

आणि आपला सीमाभागातला जुना प्रश्न, बेळगावात घेऊ की कोल्हापुरात? जीएसटी आल्यापासून दोन्हीकडं कर तोच. फ्रीज आणि वॉशिंग मशीनवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो दोन्ही राज्यांत सारखाच. उरतो तो दुकानदाराचा डिस्काउंट. बिघडल्यावर माणूस कुठून येणार आणि आईशी तिला कळेल अशा भाषेत बोलणार का, हे त्या डिस्काउंटपेक्षा महत्त्वाचं.

तेव्हा मंडळी, यंदा सेलमध्ये गावच्या घरासाठी काही ऑर्डर करणार असाल तर त्याआधी एक फोन करा. "काय पाहिजे?" असं विचारू नका, "काही नको" असंच उत्तर येईल. रोजच्या कामात जड काय जातं, ते विचारा आणि ऐकून घ्या. जमलं तर एक दिवस सुट्टी काढून त्यांच्यासोबत दुकानात जा.

परवा फोनवर आईला विचारलं, मनगट कसं आहे? म्हणाली, "बरं आहे. पण बाबांचा रेडिओ ठेवायला जागा राहिली नाही बघ."

पुढच्या महिन्यात भेटूच.