जीप हलतेय? डँपर आणायच्या आधी जॅक लावा



"जीप म्हटल्यावर थोडी हलणारच." गॅरेजात हे वाक्य ऐकलं की समजायचं, मिस्त्रीला दोष सापडलेला नाही किंवा त्याला तो शोधायचाच नाही.

एमएम ५४० सारख्या जुन्या जीपा अजून दुधाचे कॅन, खताची पोती आणि वर घरची माणसं घेऊन पळतायत. पुढं अखंड अ‍ॅक्सल, खाली पाटे. एक चाक खड्ड्यात आदळतं आणि ५०-६० च्या वेगाला स्टेअरिंग असं झटके मारतं की हातात राहत नाही. वेग पार कमी होईपर्यंत ते थांबत नाही. याला जीपचा स्वभाव म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाला गप्प बसवणं आहे. सांधे नीट असलेली जीप असं करत नाही.

वर उपाय काय सांगतात? स्टेअरिंग डँपर बसवा. म्हणजे स्टेअरिंगच्या दांडीला आडवा लावलेला छोटा शॉकअप. तो झटका गिळतो, पण ढिलाई काढत नाही. सांधा आत झिजतच राहतो, फक्त आपल्याला कळायचं बंद होतं.

पान पिवळं दिसलं की युरिया फेकणाऱ्यातला हा प्रकार. नत्र कमी असेल तर आधी खालचं जुनं पान पिवळं पडतं. चुनखडीच्या रानात लोह कमी पडलं तर वरचं कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या. म्हणून जाणकार माणूस आधी विचारतो, "कुठलं पान?" तसंच गाडीला विचारायचं, "कधी हलतेस?"

ठराविक वेगालाच थरथरते आणि वेग बदलला की थांबते, तर संशय चाकावर. फक्त ब्रेक दाबल्यावर हलते, तर ड्रम किंवा डिस्क बघा. खड्ड्यानंतर सुरू होते आणि थांबतच नाही, तर सांध्यांची ढिलाई, किंगपिन किंवा कॅस्टर. लांब शॅकल घालून गाडी उंच केली असेल तर कॅस्टर हमखास बदललेला असतो.

आता फुकटातली तपासणी, याच क्रमानं.

१) रिमच्या आतली बाजू बघा. पावसाळ्यात चिखल तिथं वाळून बसतो आणि बॅलन्स जातो. खरवडून काढा. दोन्ही बाजूंची हवा सारखी करा, टायरला फुगा आलाय का बघा, नट आवळा. मग पुढची चाकं मागं आणि मागची पुढं टाकून चालवा. थरथर बदलली तर दोष चाकात.

२) गाडी जमिनीवरच ठेवून एकानं स्टेअरिंग थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्यानं खाली टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंकच्या प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. ढिलाई हाताला लागते. स्टेअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट, पाट्यांचे बुश, शॅकल आणि यू बोल्टही तेव्हाच बघा.

३) मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर घ्या, अ‍ॅक्सलखाली भक्कम ओंडका द्या. चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलायचं थांबलं तर हबचं बेअरिंग ढिलं. तरीही हललं तर किंगपिन. पुढं स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत त्या जागी बॉल जॉइंट.

४) अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट टिकत नाही, पैसे मात्र जातात.

काही ठिकाणी प्ले घालवायला स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून देतात. ढिलाई टाय रॉडला, आवळला बॉक्स! मग स्टेअरिंग जड होतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, आणि चांगला बॉक्सही खराब होतो.

मिस्त्रीची बाजूही खरी आहे. गिऱ्हाईक पार्टचे पैसे बिनबोभाट देतं आणि तपासणीच्या तासाचे द्यायला कुरकुरतं. मग तो पार्टच विकणार. म्हणून आधीच सांगा, "शोधायचे पैसे वेगळे देतो, पण शोधा." एक टाय रॉड एंड बदलून भागणार असेल तर डँपर, बॉक्स आणि टायर असं सगळं कशाला बदलायचं? सगळे सांधे घट्ट झाल्यावर डँपर लावायचा असेल तर खुशाल लावा.

आणि रस्त्यात झटके सुरू झालेच तर स्टेअरिंग घट्ट धरा, रेस सोडा, वेग हळूहळू उतरू द्या. करकचून ब्रेक नको. त्यानंतर तपासल्याशिवाय त्या गाडीत माणसं बसवू नका.

पुढच्या वेळी कुणी "हलणारच" म्हणालं तर एवढंच म्हणा, "कुठला सांधा ढिलाय, हात लावून दाखवा." दाखवला तर पार्ट घ्या. नाही दाखवला तर गाडी दुसऱ्या गॅरेजला न्या, पण सावकाश.