बर्फाला तारीख, कोयत्याला नाही

२०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार १५९ भरली. तेव्हाचा अहमदनगर आता अहिल्यानगर झाला, पण आकडा अजून तोच चालतो, कारण २०२१ची जनगणना झालीच नाही. ती आता २०२७मध्ये होणार आणि तिची संदर्भ-तारीख ठरली आहे १ मार्च. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड्या गावांनी या तारखेला हरकत घ्यायला हवी.

दसरा-दिवाळी उरकली की या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर मुकादमाचा ट्रक येऊन लागतो. उचल आधीच घेतलेली असते आणि बहुतेकदा खर्चही झालेली. बाजरीची पोती, पाण्याची टाकी, शेळी, तान्हं लेकरू, सगळं एकाच ट्रकवर चढतं. परतायचं ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. तोवर घराला कुलूप. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली नातवंडं. नेमका याच दिवसांत प्रगणक दारात येतो. २०११मध्ये ही मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली होती.

मोजणीच्या साऱ्या काळात जो घरी नसतो, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा नियम आहे. कुणी सुटू नये म्हणून तो केलेला आहे आणि ते योग्यच. पण त्यामुळे फडाशेजारच्या गावाची लोकसंख्या फुगते आणि पाथर्डीतल्या वाडीची आटते. माणसं वर्षातले सात-आठ महिने राहतात वाडीत, मतदान करतात वाडीत, दुखणं घेऊन परततातही वाडीतच. पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामपंचायतींसाठीचा निधी मुख्यतः लोकसंख्येवर वाटला गेला. आरोग्य उपकेंद्र ५ हजार लोकवस्तीमागे एक, प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजारांमागे. कागदावर आटलेल्या गावाच्या वाट्याला या हिशेबात कमीच येतं.

बरं, फडाजवळच्या कोपीवर, तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, तरी नीट मोजणी होते का? नवरा-बायको पहाटेच फडात जातात. दिवसा प्रगणक पोचतो तेव्हा कोपीत धाकट्या भावाला सांभाळणारी आठ-दहा वर्षांची पोरगी असते. आईचं वय, बापाचं शिक्षण, गावाचं नाव तिला जेवढं सांगता येईल तेवढं कागदावर उतरतं. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. सरकारच्या वहीत तरी ती दोन पुरी माणसं असायला हवीत, नावागावासकट.

लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६ ही वेगळी तारीख ठरवली गेली. अडचण ओळखली की तारीख बदलता येते, हे त्यातून दिसलं. ऊसतोड्यांचं स्थलांतर तर बर्फाइतकंच ठरल्या वेळी होतं, दरसाल होतं आणि साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

तारीख बदलणार नसेल, तर निदान एवढं तरी व्हावं. हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची माणसागणिक यादी करावी, ती ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी आणि निधी ठरवताना जिल्हा परिषदेने ती जनगणनेच्या आकड्याशेजारी मांडावी. सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे काम ट्रक लागण्याआधी उरकावं.