लोकप्रतिनिधींचे वेतन कोणी ठरवावे?

लोकप्रतिनिधींच्या वेतनवाढीची बातमी आली की आपण नाक मुरडतो. परंतु १९११ पर्यंत ब्रिटनच्या खासदारांना वेतनच नव्हते. परिणामी कष्टकऱ्यांना संसदेचे दार जवळजवळ बंद होते. त्या वर्षी वार्षिक ४०० पौंड वेतन सुरू झाले. वेतन हा गरिबाच्या प्रतिनिधित्वाचा आधार आहे. प्रश्न एवढाच की, ते ठरवावे कोणी?

२००९ मध्ये खासदारांच्या खर्चाचे प्रकरण गाजले आणि स्वतंत्र संसदीय मानक प्राधिकरण स्थापन झाले. पुढे वेतननिश्चितीचा अधिकारही त्याच्याकडे आला. २०१५ मध्ये प्रमुख पक्षनेत्यांची नापसंती असतानाही त्याने वेतन ६७,०६० वरून ७४,००० पौंडांवर नेले. याउलट आम्हा डॉक्टरांच्या वेतनाचे मंडळ केवळ शिफारस करते. अंतिम शब्द सरकारचा. ही विषमता मला खटकते. तरीही तत्त्व योग्यच आहे: आपल्याच दाव्यात आपण न्यायाधीश होऊ नये. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १०६ व १९५ नुसार मात्र हा निर्णय आजही विधिमंडळांच्याच हाती आहे. तेथेही असे स्वतंत्र मंडळ हवे.

येथील प्राधिकरणावर पाच सदस्य असतात. त्यांत एक माजी वरिष्ठ न्यायाधीश, एक लेखापरीक्षक आणि एक माजी खासदार असावा लागतो. निवड मात्र खुल्या स्पर्धेतून, गुणवत्तेवर होते. आपली मुले आज वकील आहेत, लेखापाल आहेत. बंधुभगिनींनो, त्यांनी केवळ वेतन घेणाऱ्यांच्या रांगेत का उभे राहावे? वेतन ठरविणाऱ्यांच्या आसनासाठीही त्यांनी अर्ज करावा.